टेम्पोवाल्यांचं जहाज

"ऐक ना, कोकणात पाण्याखाली म्युझियम होतंय. नेव्हीचं एक जुनं जहाज समुद्रात बुडवणार आहेत. स्कुबा, कोरल, पाणबुडीतून सफर... एकदम यंग स्टोरी आहे. हजार शब्द, चार-पाच झक्कास फोटो. करतेस?"

एडिटरचा फोन आला तेव्हा मी एफसी रोडवरच्या एका कॅफेत बसून दुसऱ्याच कुणाच्या तरी डेडलाइनशी झटापट करत होते. फ्रीलान्सरला खरं तर 'करतेस?' असं विचारायचं नसतं. मार्च २०२५ संपत आला होता आणि माझा बँक बॅलन्सही. मी लगेच हो म्हटलं, वही काढली, 'यंग, फन, फोटो' असं लिहून घेतलं आणि सहज विचारलं, "जहाजाचं नाव काय?"

"थांब हं, बघून सांगतो... गुलदार. आयएनएस गुलदार."

माझी कॉफी तशीच राहिली.

कारण गुलदार म्हणजे आमच्या घरातलं पाचवं माणूस. आई, बाबा, दादा, मी आणि गुलदार. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर तिचा फ्रेम केलेला फोटो आहे. (बाबा तिला 'ती' म्हणतात, त्यामुळे आम्हीही.) लहानपणी आई चिडली की म्हणायची, "जा, तुमच्या गुलदारलाच विचारा!" बाबा नेव्हीत स्टोकर होते. म्हणजे इंजिनरूमवाले. ऑफिसर नाही, खलाशी. अठरा वर्षांच्या नोकरीत ते गुलदारवर दोनदा होते, एकदा नव्वदीच्या सुरुवातीला आणि मग २००३ ते २००५. मी जन्मले सत्त्याण्णवला, त्यामुळे माझ्या वाट्याला आली ती दुसरी गुलदार.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. मला ते जहाज कधीच आवडलं नाही.

त्याचं झालं असं. विशाखापट्टणमला आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा आमच्या वर्गात अर्धी मुलं नेव्हीवाल्यांचीच. कुणाचे बाबा डिस्ट्रॉयरवर, कुणाचे पाणबुडीत. त्यात २००२ मध्ये आर. के. बीचवर कुरसुरा ही खरीखुरी पाणबुडी म्युझियम म्हणून आणून ठेवलेली, त्यामुळे पाणबुडीवाल्यांच्या मुलांचा भाव तर विचारूच नका! एकदा बाईंनी प्रत्येकाच्या बाबांना वर्गात बोलावलं. बाबा आले, कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म घालून. मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या बाबांच्या जहाजावर मिसाइल आहेत. एका मुलाने विचारलं, "अंकल, आपकी शिप क्या करती है?" बाबा हसले आणि म्हणाले, "बेटा, हम तो टेम्पोवाले हैं. सामान ले जाते हैं, उतार के वापस आ जाते हैं."

सगळा वर्ग हसला. बाबाही हसले. मी हसले नाही. घरी येऊन मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. ते तिसऱ्या दिवशी सेलिंगला गेले, त्यामुळे ते भांडण तसंच राहून गेलं. त्यांच्याशी झालेली माझी बहुतेक भांडणं अशीच राहिलेली आहेत, मधेच.

आता तुम्ही म्हणाल, टेम्पो म्हणजे काय? तर सांगते. स्टोरीसाठी म्हणून मी नीट अभ्यास केला आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की आपल्या भिंतीवर नेमकं काय टांगलेलं आहे.

कुठलंही जहाज घ्या, त्याच्या कप्तानाची सगळ्यात मोठी भीती एकच असते, जहाज वाळूत रुतण्याची. गुलदारसारख्या जहाजाचं मात्र कामच ते! मुद्दाम, पूर्ण शुद्धीत, किनाऱ्यावर जाऊन रुतायचं. याला बीचिंग म्हणतात. त्यासाठी बूड सपाट, आणि पुढचा भाग मागच्यापेक्षा उथळ पाण्यात जाईल असा. पुढून दीड मीटरपेक्षाही कमी पाणी पुरतं. किनारा जवळ आला की मागचा नांगर टाकायचा आणि पुढे जात राहायचं. पोट वाळूला टेकलं की पुढचा दरवाजा उघडतो, रॅम्प खाली येतो आणि आतून रणगाडे, ट्रक, जवान थेट पुळणीवर. पाच रणगाडे आणि दीडशेच्या वर माणसं मावतात. काम झालं की इंजिनं रिव्हर्स आणि मागे टाकलेल्या नांगराचा दोर विंचवर गुंडाळत स्वतःला ओढून काढायचं. ना धक्का लागतो, ना क्रेन, ना बंदर.

ही जहाजं पोलंडची. ग्दान्स्कच्या 'उत्तर गोदी'त या जातीची पहिली जहाजं बांधली गेली आणि पोलिश भाषेतल्या त्या 'उत्तर' या शब्दावरूनच नाटोवाल्यांनी त्यांना 'पोल्नोत्स्नी' हे नाव ठेवलं. शीतयुद्धाच्या काळात अशी शंभराहून जास्त जहाजं बांधली गेली. रशियाने वापरली, इजिप्तने वापरली, इराकने वापरली. आपल्याकडे साठच्या दशकात दोन आली, सत्तरच्या दशकात आणखी काही, आणि ऐंशीच्या दशकात शेवटची चार. चीता, गुलदार, महिष आणि कुंभीर. आपल्या या चारांना हेलिकॉप्टरसाठी जागा होती. सगळ्यांची नावं प्राण्यांची. गुलदार म्हणजे बिबट्या. त्याआधीच्या एका जहाजाचं नाव तर चक्क घोरपड होतं! मराठी माणसाला हे नाव समजावून सांगायची गरज नाही. ज्याला किनाऱ्याला चिकटायचंय, त्याला याहून चपखल नाव कुठलं मिळणार?

बाबांची गुलदार ३० डिसेंबर १९८५ ला पोलंडमध्ये ग्दिनियाला नौदलात दाखल झाली आणि १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला (त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचं श्री विजयपुरम झालं) चीता आणि कुंभीरबरोबर निवृत्त झाली. महिष २०१६ मध्येच गेली होती, त्यामुळे त्या संध्याकाळी ही अख्खी जातच संपली. त्या दिवशी नौदलाने जाहीर केलेले आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. तिघींचा मिळून प्रवास साधारण १७ लाख नॉटिकल मैल. समुद्रावर काढलेले दिवस १२,३१६. बीचिंग १,३०० च्या वर.

१२,३१६ दिवस. मी कॅल्क्युलेटरवर भागाकार केला. एकेकीच्या वाट्याला अकरा वर्षांच्या वर येतात. त्यातले किती दिवस आमच्या घरातून कापून घेतलेले होते, याचा हिशेब मात्र कुणाकडे नाही.

बरं, तर बाबांना सांगायचं कसं?

बाबा २००६ मध्ये रिटायर झाले, मग भोसरीच्या एका कंपनीत बॉयलर सांभाळला आणि आता धानोरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये झाडं लावतात. नेव्हीचा विषय ते काढत नाहीत. डिकमिशनिंगची बातमी दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, त्यावर त्यांनी फक्त हात जोडल्याची इमोजी टाकली होती. मी जेवताना एका दमात सांगून टाकलं. सरकारने गुलदार पर्यटन महामंडळाला दिलीय. फेब्रुवारीत कारवारला हस्तांतर झालं. मग ओढत विजयदुर्गला आणलीय. साफसफाई करून निवतीच्या समुद्रात बुडवणार. सुमारे ४७ कोटींचा प्रोजेक्ट आहे. देशातलं असं पहिलंच म्युझियम.

बाबांचा घास हातातच राहिला. आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. निवती म्हणजे त्यांच्या लहानपणीचा समुद्र.

"निवतीक?" एवढंच म्हणाले. भावना अनावर झाल्या की बाबांचं मराठी मालवणी होतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

"चला ना बाबा बघायला. तसंही मला जायचंच आहे."

"थंय काय बघूचा हा?" आणि मग ताटाकडे बघत, "मेलेल्या माणसाचा तोंड बघूक जातत, तसा?"

आईने माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, आता गप्प बस. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनीच विचारलं, "गगनबावड्यावरून जायचं की फोंडा घाटातून?"

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. फक्त आम्ही दोघं. आठवून बघितलं, तर मी आणि बाबा असे दोघंच आयुष्यात कधी कुठे गेलो नव्हतो. कोल्हापूरपर्यंत रेडिओ बोलत होता. गगनबावड्याचा घाट सुरू झाला आणि रेडिओची रेंज गेली.

मग बाबा बोलायला लागले. घाटात गाडी एका वळणावर जरा जास्तच लोळली आणि त्यांना आठवलं असावं. "ही काहीच नाही," म्हणाले. सपाट बुडाचं जहाज समुद्रात असं लोळतं की जुन्या खलाशांचीही आतडी बाहेर येतात. बादली बांधून ड्यूटी करायची. मोठ्या जहाजांवरून बदलून आलेले लोक पहिल्या आठवड्यात घरी पत्र लिहायचे की, बदलीसाठी नवस बोला.

"आणि बीचिंग? कसं दिसायचं ते?"

"मला काय माहीत?"

मला वाटलं, टाळतायत. पण नाही. खरंच माहीत नव्हतं. स्टोकर खाली असतो. जहाज किनाऱ्याला लागताना वर कप्तानाला पुळण दिसते, जवानांना माड दिसतात, रॅम्प पडताना सूर्यप्रकाश आत येतो. खाली इंजिनरूममध्ये फक्त वरून आलेली ऑर्डर, डिझेलचा वास आणि दोन इंजिनांची घरघर. "पायाला कळायचं," बाबा म्हणाले. "आधी बारीक थरथर. मग तळव्याखाली काहीतरी खरवडल्यासारखं. मग एकदम जड. की समजायचं, टेकली." टेकल्यावरही इंजिनं बंद करायची नाहीत, पुढेच रेटत ठेवायची, नाहीतर लाट जहाजाला आडवं फिरवते. आणि त्याच वेळी इंजिन थंड ठेवायला जे समुद्राचं पाणी आत खेचलं जातं, त्यातून वाळू येते. गाळण्या चोंदतात. इंजिन तापायला लागतं. वरचे लोक दहा मिनिटं मागतात, खाली प्रत्येक मिनिटाला एक माणूस गाळणी साफ करत असतो. "वर युद्धाचा सराव चाललेला असायचा, खाली आमचं वाळू उपसणं."

मी गाडी चालवत होते म्हणून, नाहीतर हे सगळं तिथेच लिहून घेतलं असतं. मास कॉमला आम्हाला इंटरव्ह्यू टेक्निक नावाचा अख्खा पेपर होता. ओपन एंडेड प्रश्न विचारा, समोरच्याला कम्फर्टेबल करा वगैरे. घाट आणि गेलेली रेंज यांचा त्यात उल्लेख नव्हता.

तळेऱ्याला चहा घेताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी नवीन आलेल्या पोरांना सीनियर लोक सांगायचे. ही गुलदार दुसरी. पहिली गुलदार १९६६ मध्ये आली होती आणि १९७१ च्या युद्धात तिला आणि घडियाल नावाच्या जहाजाला बांगलादेशातल्या कॉक्स बझारला पाठवलं होतं. डिसेंबरच्या मध्यावर. गोरखा जवान उतरवायचे होते. किनारा शांत होता, समोरून गोळीबार नव्हता. पण तिथल्या वाळूचा नीट अभ्यास झालेला नव्हता. जहाज टेकलं ते किनाऱ्याच्या अलीकडच्या वाळूच्या उंचवट्याला, आणि त्याच्या पलीकडे खोल पाण्याचा चर होता. रॅम्पवरून पाठीवर ओझं घेऊन उतरलेले जवान गळ्याच्या वर पाण्यात गेले. जीव गेले. शत्रूची एकही गोळी न लागता. उरलेल्या तुकड्या मग बऱ्याचशा स्थानिक होड्यांमधून किनाऱ्यावर न्याव्या लागल्या.

"म्हणून आम्ही पुळण बघितल्याशिवाय कुणाला उतरवत नव्हतो," बाबा म्हणाले. "टेम्पोवाल्याचं काम सामान पोचवायचं असतं. अर्ध्या वाटेत सोडायचं नसतं."

टेम्पोवाल्याचं! शाळेतला तो दिवस त्यांनाही आठवत होता की काय, मला विचारवलं नाही.

विजयदुर्गला पोचेपर्यंत दुपार कलली होती. आधी किल्ल्यावर गेलो, कारण समोर जायचं धाडस दोघांनाही होत नव्हतं. बुरुजावरून वाघोटण खाडी दिसते, आणि बंदरातल्या मच्छीमारांच्या रंगीबेरंगी बोटींमध्ये एक करडं धूड. शेजारच्या एका कॉलेजच्या ग्रुपमधला मुलगा म्हणाला, "अरे, ही तर छोटीशीच आहे!" ८३.९ मीटर लांब, ९.७ मीटर रुंद. विमानवाहू विक्रांतचे फोटो बघून आलेल्याला छोटीशीच. मीही मनात तेच म्हणत होते, खोटं कशाला बोलू. भिंतीवरच्या फोटोत ती मला नेहमी प्रचंड वाटायची.

बाबा काही बोलले नाहीत. बुरुजाच्या दगडावर हात ठेवून उभे होते. मी फोटो काढले. जहाजाचे. मग त्यांचे, पाठीमागून.

खाली जेट्टीकडे गेलो. आत जायची परवानगी नव्हती आणि मी ती मागितलीही नव्हती. लांबूनच बघितलं. जवळून गंज दिसतो. पुढचा बोथट, रुंद चेहरा. तोच तो दरवाजा, बंद. बाबांनी चष्मा पुसला, परत लावला आणि पहिलं वाक्य बोलले, "पाण्यात वर आलीय. रिकामी आहे." मला समजलं नाही. मग म्हणाले, "डिझेल नाही, पाणी नाही, माणसं नाहीत. हलकी झालीय, म्हणून वर आलीय."

त्या वाक्यानंतर मी तो प्रश्न विचारला, जो मी वीस वर्षं विचारला नव्हता.

२६ डिसेंबर २००४. रविवार होता. नाताळच्या सुट्टीत आई आम्हाला घेऊन गावी आली होती. मी दुसरीत. शेजारच्यांकडे टीव्ही होता, तिथे सगळी जमलेली. पाणी, पाणी आणि पाणी. बातम्यांमध्ये अंदमान-निकोबार म्हटलं की आई दाराची चौकट धरायची. कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर शंभराच्या वर माणसं गेली, असं नंतर कळलं. बाबा गुलदारवर होते आणि गुलदार कुठे होती ते आम्हाला माहीत नव्हतं. नऊ दिवस फोन नाही. आजीने देव पाण्यात ठेवले होते. थोरले काका रोज संध्याकाळी पुळणीवर जाऊन नुसते उभे राहायचे, जणू बाबा तिकडूनच येणार होते. दहाव्या दिवशी फोन आला. जेमतेम चाळीस सेकंदांचा. आई रडत होती. रिसिव्हर माझ्या कानाला लावला तर बाबा विचारतायत, "सहामाहीचे मार्क कळले काय गो?"

मार्क! त्यानंतर कित्येक वर्षं मला वाटत होतं की या माणसाला आमच्याबद्दल काही वाटतच नाही.

"बाबा, तेव्हा नऊ दिवस फोन का नाही केलात?"

ते बराच वेळ जहाजाकडे बघत राहिले. मग सांगितलं. सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत. बेटांवरच्या जेट्ट्या लाटेत मोडून गेल्या होत्या. मोठी जहाजं मदत घेऊन आली तरी लागणार कुठे? ज्या जहाजाला धक्का लागत नाही, तेच जाऊ शकत होतं. पाणी, तांदूळ, ताडपत्र्या, औषधं भरायची. टेकायचं, उतरवायचं, बेटावरची माणसं भरायची, निघायचं. परत तेच. पण किनारेच बदलले होते. कुठे जमीन खचलेली, कुठे पाण्यात माड आडवे, घरांचे वासे, पत्रे. तळाशी काय आहे ते कळायचं नाही. गाळण्यांमध्ये वाळूबरोबर काय काय यायचं. कपड्यांच्या चिंध्या. एकदा एक लहान चप्पल आली.

"कुठल्या पायाची होती तेही आठवतं," बाबा म्हणाले. आणि थांबले.

"मग पोर्ट ब्लेअरला आलो तेव्हा फोनला रांग होती. माझा नंबर लागला. तुझा आवाज आला. काय बोलायचं ते सुचलं नाही. मार्क आठवले."

समोरून एक बोट धडधडत बाहेर पडली. तिची लाट येऊन गुलदारला लागली आणि ते अकराशे टनांचं जहाज हललंसुद्धा नाही. बाबा तिकडेच बघत होते. मला त्यांचा हात धरायचा होता, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी दोन घोट घेतले.

रात्री गावी मुक्काम केला. थोरले काका आयुष्यभर मासेमारी करत आले, रापणीवर वाढलेले. त्यांना जहाजाच्या पोलिश घराण्याशी काही देणंघेणं नाही. त्यांचा प्रश्न साधा होता, "ती खाली बसली की आमका थंय जाळी टाकूक देतले, की नाय?" प्रश्न चुकीचा नाही. निवतीच्या खडकांजवळचं पाणी म्हणजे कुणाच्या तरी चुलीवरची कढी. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी आहेत, त्यांचीही काळजी घ्यावी लागते. वीकेंडला स्कुबा करायला येणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दिसत नाही. मला ब्रोशरमधलं जे येत होतं ते मी सांगितलं. आधी तेल, वायरी, घातक असेल ते सगळं काढून जहाज साफ करायचं, मग बुडवायचं. त्याच्या पत्र्यावर शेवाळ धरेल, शिंपले धरतील, पुढे कोरल, आणि त्यामागून मासे. काका म्हणाले, "मासो येतलो. मासो लोखंडाक भियत नाय. पण तो माका गावतलो की पर्यटकाक दिसतलो, ता सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग अंगणात एक गंमत झाली. बाबांनी माझी वही मागितली. 'यंग, फन, फोटो' लिहिलेल्या पानाच्या मागे त्यांनी पेनने एक लांबट आकृती काढली. हा पुढचा दरवाजा. ही रणगाड्यांची जागा, लांबच लांब, मधे काही अडथळा नाही. "इथे मोठे थवे राहतील. आत-बाहेर करायला मोकळं आहे." ही जवानांची झोपायची जागा, ही मेस. आणि ही खाली इंजिनरूम. काका चष्मा लावून बघत होते.

"ह्या बाजूक शिडी असा," बाबांनी पेन टेकवलं. "अरुंद. पाण्यात उतरणाऱ्या पोरांना सांग, इथून खाली जायचं नाही. अडकतील."

"मग थंय कोण राहतलो?" काकांनी विचारलं.

"तांबोशी," बाबा म्हणाले. "अंधारात बसता ता."

दोघं भाऊ हसले. खूप वेळ हसले. मला कळलं नाही एवढं हसण्यासारखं काय होतं. त्यांच्या लहानपणीचं काहीतरी असणार.

परतताना गिर्ये गावाकडून या, असा काकांचा आग्रह होता. पुण्याला जायचं तर हा उलटा फेरा, पण बाबाही लगेच तयार झाले, त्यामुळे आम्ही पुन्हा विजयदुर्गच्या दिशेने वळलो. वाघोटण खाडीला लागून तिथे मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदी आहे, खडकात खोदलेली. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी गेलं की कोरड्यावर त्याची डागडुजी करायची. आता तिथे चिखल आणि खारफुटी. बाबा काठावर उकिडवे बसले आणि तोंडाच्या रुंदीचा अंदाज घ्यायला लागले. "गुलदार मावली असती काय?" मी गमतीत विचारलं. त्यांनी गंभीरपणे डोळे बारीक करून मोजलं. "लांबीला अडचण नाही आली तर बघता येईल," म्हणाले.

हजार शब्दांची ती यंग स्टोरी मी ठरल्या वेळेत लिहून दिली. फोटोही चांगले आले होते. त्यात बाबा नव्हते, चप्पल नव्हती. ती स्टोरी त्यासाठी नव्हतीच.

घाट चढून वर आलो आणि रेंज परत आली. लगेच आईचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"बघितलं का हो जहाज?"

"बघितलं," बाबा म्हणाले.

"कसं आहे?"

बाबांनी खिडकीबाहेर बघत जरा विचार केला.

"ठीक आहे. रंग काढायला झालाय."